रुग्ण क्रमांक सदतीस

मी, डॉ. सरोजिनी वेणीमाधव गायधनी, वय वर्षे ७४, व्यवसाय रक्तविकारतज्ज्ञ (आता निवृत्त, म्हणजे थकलेली), राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो ज्याने दिला त्या डॉक्टरला मी एकदा तोंडी परीक्षेत नापास केलं होतं, तेव्हा त्याने माझ्यावर मेहेरबानी केली असं कुणी म्हणू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पाचदा लिहायला बसले, आणि पाचही वेळा सातव्या कलमापाशी येऊन कागद फाडला.

माझ्या प्रकृतीबद्दल लिहिणं भाग आहे. गेल्या वर्षी जिना चढताना दम लागायला लागला म्हणून मी माझंच रक्त काढवून काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हाडांतली मज्जा दमली आहे, ती धड रक्त बनवत नाही. चाळीस वर्षं हे मी लोकांना सांगत आले, स्वतःला सांगायला दोन मिनिटं लागली. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावं लागतं. मरणाची भीती वाटत नाही. कंटाळा मात्र फार आलाय, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही, लोक लगेच धीर द्यायला लागतात.

कलम १. गंगापूर रोडवरचा राहता फ्लॅट, आतल्या सामानासह, माझा भाचा मयुरेश याला द्यावा. मयुरेश मुलगा चांगला आहे. फक्त तो दर रविवारी येऊन म्हणतो, "आत्या, लॅब त्या मोठ्या कंपनीला देऊन टाक ना, कशाला डोक्याला ताप?" लॅब त्याला दिलेली नाही, हे त्याने शांतपणे वाचावं. पुस्तकं रद्दीत घालायची असतील तर आधी पानं उलगडून बघावीत. मला पुस्तकात पत्रं ठेवायची सवय आहे.

कलम २. माझा जुना सूक्ष्मदर्शक गेणू भोये यांना द्यावा. गेणू पेठ तालुक्यातला, एकतीस वर्षं माझ्याकडे तंत्रज्ञ. सुरगाण्याच्या पाड्यांवर आम्ही रक्त गोळा करायला जायचो तेव्हा माझी शहरी मराठी ऐकून माणसं घरात दडायची. गेणू म्हणायचा, "बाई, तुमी गप बसा. मी बोलतो." आणि तो बोलला की वीस मिनिटांत रांग लागायची. माझ्या नावावर जे काही संशोधन आहे त्यातलं निम्मं त्या रांगेचं आहे. सूक्ष्मदर्शकाचा डावा स्क्रू ढिला आहे, तो कसा धरायचा हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. सातव्या कलमात जे आहे त्याच्याशी गेणूचा काडीचाही संबंध नाही, हे इथंच सांगून ठेवते.

कलम ३. सिकलसेलच्या सातशे बारा कुटुंबांच्या वंशावळीच्या वह्या कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला द्याव्यात, पण कपाटाची किल्ली गेणूकडेच ठेवावी. या वह्या मांडायला मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नाही. माझे वडील वेणीमाधवशास्त्री पंचवटीत तीर्थोपाध्याय होते. यजमान आला की लाल बासनातली वही सोडायची, त्याच्या पणजोबाची सही त्याला दाखवायची, आणि खाली त्याच्या पोरांची नावं लिहून घ्यायची. मी तसंच केलं, फक्त नावापुढे कुणाच्या रक्तात काय आहे ते लिहिलं. बाबांच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं, खाली दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. मी लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून हाच नियम लावला, आणि तो मोडला म्हणून दोन माणसांना कामावरून काढलं.

कलम ४. डॉ. ललित दाबके, मुंबईतले माझे एकेकाळचे विभागप्रमुख. १९८२ साली माझ्या तीन वर्षांच्या कामावरच्या निबंधात यांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं, आणि मला म्हणाले, "सरोजिनी, तू लग्न करून जाशील, तुला काय करायचंय?" मी लग्न केलं नाही. त्यांना दाखवून देण्यासाठी केलं नाही असं लोक म्हणतात, ते खोटं आहे, मला वेळच झाला नाही. त्या निबंधाची एक प्रत त्यांना पाठवावी. ते आता नव्वदीचे आहेत, कुणीतरी वाचून दाखवील. राग आता उरलेला नाही. रागाला ताकद लागते.

कलम ५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. माझ्या मज्जेच्या काचा गेणूकडे आहेत, त्या विद्यार्थ्यांना जरूर दाखवाव्यात, शिकवायला उत्तम केस आहे. रामकुंडावर काही करू नये. आमच्या घरातल्यांनी दुसऱ्यांचं आयुष्यभर केलं, तेवढं पुरे.

कलम ६. सुवर्णपदक. कपाटात वरच्या खणात आहे. ते का मिळालं ते पुढच्या कलमात.

कलम ७. २००४ च्या फेब्रुवारीत अंबडच्या एका कारखान्यातले टर्नर सावळीराम पगारे आपल्या मुलीला घेऊन माझ्या लॅबमध्ये आले. मुलगी स्नेहा, वय बावीस. लग्न ठरलं होतं, अठरा दिवस राहिले होते. होणारा नवरा थॅलेसेमियाचा वाहक होता. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागू शकतं. सावळीरामांना हे आमच्या शिबिरातून कळलं होतं. शिबिरात ऐकलेलं इतकं मनावर घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रक्तातला एक लहानसा घटक आम्ही मोजतो. साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की वाहक. स्नेहाचा ३.४ आला. पण तिच्या अंगात लोह फार कमी होतं, आणि लोह कमी असलं की हा आकडा खोटा खाली येतो. पेशी लहान होत्या, संख्येने जास्त होत्या. मला ते दिसलं होतं. नियम सरळ आहे: तीन महिने लोहाच्या गोळ्या द्यायच्या, पुन्हा तपासायचं, तोवर काही लिहायचं नाही. हा नियम मी दोनशे विद्यार्थ्यांना शिकवला.

आणि मी लिहिलं, "वाहक नाही." का? त्या वर्षी माझ्या चिठ्ठ्यांवरून अकरा लग्नं मोडली होती. अकराही वेळा नाव मुलीचं खराब झालं. मुलगा वाहक निघाला तरी लोक म्हणायचे, पोरीतच काहीतरी असेल. बारावं मोडायला माझा हात उठेना. सावळीरामांनी काउंटरवर पाकीट घेताना विचारलं, "मॅडम, आमच्याकडं मोजमाप चुकलं तर बनवलेला जॉब माघारी येतो. तुमचं पक्कं ना?" मी म्हटलं, "पक्कं."

२००६ साली आयुष जन्मला. आठव्या महिन्यात निदान झालं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त.

सासरच्यांनी म्हणायला सुरुवात केली की बापाने अंबडच्या कुठल्यातरी झेरॉक्सवाल्याकडून खोटा रिपोर्ट बनवून आणला. २००८ मध्ये स्नेहा माझ्याकडे आली. कडेवर मूल, हातात तो रिपोर्ट आणि दुसऱ्या दवाखान्याचा नवा रिपोर्ट, ज्यात ती वाहक निघाली होती. म्हणाली, "मॅडम, हा कागद तुमचाच आहे एवढं लिहून द्या. माझा संसार वाचेल." नुकताच गोदावरीला पूर येऊन गेला होता. मी म्हटलं, त्या वर्षीची रजिस्टरं पुरात गेली, लिहून देता येणार नाही. रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. ती मान खाली घालून गेली. पुढे घटस्फोट झाला.

त्या दिवशी ती चहा घेत असताना मी नव्या रिपोर्टचे आकडे टिपून घेतले होते. पुढे लोह कमी असलेल्या साठ बायका जमवून मी निबंध लिहिला: लोहाच्या कमतरतेत वाहक कसे निसटतात. त्यात स्नेहा रुग्ण क्रमांक सदतीस. तिच्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नव्हतं. सुवर्णपदक त्याचंच. टाळ्या वाजत होत्या, आणि मी व्यासपीठावर उभी राहून आभार मानले. लाज वाटली का? वाटली. पण पदक परत दिलं नाही.

गेल्या वर्षी मला पहिल्यांदा रक्त चढवलं तेव्हा शेजारच्या खाटेवर अठरा वर्षांचा मुलगा होता. मी हात ताठ धरला होता. तो म्हणाला, "आजी, मूठ एवढी आवळू नका, शीर पळते. पहिल्यांदाच का? काही नाही होत." त्याच्या रक्ताच्या पिशवीवर नाव होतं, आयुष स्नेहा पगारे. थोड्या वेळाने त्याची आई डबा घेऊन आली. मला ओळखलं. "अगं बाई, मॅडम तुम्ही?" म्हणाली, आणि डब्यातला उपमा मला दिला. मी तो खाल्ला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी आम्ही तिघं त्या खोलीत असतो. मी चौदा वेळा बोलायचं ठरवलं आणि चौदा वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून घरी आले.

म्हणून: लॅबची जागा भाड्याने द्यावी, आणि भाडं आयुषला त्याच्या हयातभर द्यावं, अंगातलं जादा लोह काढायची औषधं, तपासण्या आणि शिक्षण यासाठी. लॅबची यंत्रं विकून येईल ते स्नेहाला द्यावं. पदक मोडून त्यातच घालावं. आणि हे कलम माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी त्या दोघांना वाचून दाखवावं.

कलम ८. वरच्या कलमातलं शेवटचं वाक्य रद्द. बाबांच्या नियमाप्रमाणे ते खोडलेलं नाही. कारण असं: माझ्या वकील स्वानंदी कुलथे यांनी मसुदा वाचून माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सुटणार, आणि त्या बाईच्या तोंडाकडे मी बघायचं? हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही." वय तिचं छत्तीस.

गेल्या रविवारी स्नेहाला घरी बोलावलं आणि सातवं कलम स्वतः वाचून दाखवलं. चष्मा दोनदा पुसावा लागला. वाचून झाल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "म्हणजे रजिस्टर होतं."

मी हो म्हटलं.

"पप्पा दोन हजार तेराला गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत एकच विचारायचे. स्नेहा, काउंटरवरून मी चुकून दुसऱ्याच कुणाचं पाकीट तर नाही ना उचललं? आम्ही सांगून थकलो, पप्पा, त्यावर नाव माझंच आहे. ते म्हणायचे, मग माझीच काहीतरी चूक असणार, एवढ्या मोठ्या मॅडम कशा चुकतील."

हे मला ठाऊक नव्हतं. आकड्यांत हे कुठंच आलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. म्हणाली, "ते नंतर. आधी रजिस्टर काढा."

काढलं. त्या नोंदीखाली, तिच्यासमोर, मी एकवीस वर्षांनी दुरुस्ती लिहिली: "निष्कर्ष चुकीचा. लोहाची कमतरता दिसत असूनही घाईने दिला. अहवाल याच प्रयोगशाळेचा व खरा. चूक माझी, पगारे कुटुंबाची नाही." सही केली. लेटरहेडवर तोच मजकूर तीन प्रतींत दिला. एक तिच्या जुन्या सासरी जाईल, एक आयुषला. तिसरी कुणाला, ते मी विचारलं नाही.

आयुषला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तीन आठवड्यांची पाळी काल होती. त्याने खाट बदलून मागितली होती. ती त्याला मिळाली.

कलम ९. स्नेहाच्या सांगण्यावरून यंत्रांची रक्कम तिच्याऐवजी गेणूच्या हवाली करावी, पाड्यांवरच्या तपासण्यांसाठी. "आयुषचं राहू द्या, ते त्याच्या हक्काचं आहे. माझं नाव काढा," ती म्हणाली. "मला काही घ्यायचं नाही. मला साक्षीदार म्हणून सही करायचीय." वकीलबाईंनी समजावलं की ज्याला यातून काही मिळत नाही असा कुणीही साक्षीदार चालतो, तुम्हीच कशाला त्रास घेता. ती म्हणाली, "मलाच करायचीय. त्या वेळी माझ्या बाजूने कुणाचीच सही नव्हती."

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी ॲड. स्वानंदी कुलथे यांना नेमलं आहे. वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, ते बरोबर आहे, आणि आता माझा हात दुखतो आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

(सही) डॉ. सरोजिनी वेणीमाधव गायधनी

साक्षीदार १: रावजी बाबूराव आहेर, निवृत्त शिक्षक, शेजारी. डॉक्टरांनी माझ्यासमक्ष सही केली.
(सही)

साक्षीदार २: स्नेहा सावळीराम पगारे, राहणार अंबड, नाशिक. डॉक्टरांनी पूर्ण शुद्धीत, माझ्यासमक्ष सही केली, व मी त्यांच्यासमक्ष केली. मी त्यांना माफ केलेलं नाही. हे इथं लिहू का, असं मी विचारलं, त्या म्हणाल्या, लिही.
(सही)