विम्यावरचं नाव

बेलापूर, ऑगस्ट १९७३

प्रिय दानीएल यांस,

प्रभूत सलाम. आईंची तब्येत ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. मागचं दार वर उघडणारी तुमची लाल गाडी फोटोत पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “एवढुशी हाय, पन आत्ताच उधळंल जनू.” पुढे तुम्हीच लिहिलंत, की गाडी बारकी पण पळणारी, म्हणून नुसता विमाच वर्षाला नव्वद पौंड. मी रुपये करून पाहिले. त्यात आम्हा दोघींचं घर नऊ महिने चालतं. इथल्या डॉक्टरांच्या फियाटला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. इथे विमावाले इंजिन बघतात, जर्मनीतही इंजिनाच्या ताकदीवर ठरतं, पण इंग्लंडात चालवणारा कोण, वय काय, लग्न झालंय का, सगळं विचारतात, असं तुमचंच पत्र होतं. मला बोलावून घेणं लांबलं ते या विम्यापायी. दोन वर्षं मी ते मानलं.

नाताळात तुम्ही कळवलंत, विमा उतरला. बायकोही गाडी चालवते असं सांगितलं की कंपनी सूट देते, म्हणून तुझं नाव घातलं. मी तर कधी सायकललाही हात लावला नव्हता. तुम्ही खोटं सांगितलंत म्हणून रोज प्रार्थनेत तुमच्यासाठी क्षमा मागितली. पण आत कुठेतरी सुखावलेही. निदान तिकडच्या विम्यात तरी मी तुमच्या शेजारी बसले होते.

मग वाटलं, मीच शिकले तर ते खोटं राहणार नाही. मिशन दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर आसारामकाकांनी शिकवलं. आई मागे बसायच्या, डोक्यावर पदर घट्ट धरून. “मरियम, येशूचं नाव घे, पन आधी ब्रेक दाब!” नगरला परीक्षा दिली आणि मंगळवारी लायसन हातात पडलं. रविवारी उपासनेत आभार मानून मगच तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं.

त्या रविवारी पुणतांब्याचे एलिया आले होते. तिकडे इंग्लंडात तुमच्याच गावात कामाला असतात, सुट्टीवर आलेत. मी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. चहा घेताना म्हणाले, “ताई, तुमी बेलापूरच्या, म्हंजे आमच्या दानीएलला वळखत असाल. गोऱ्या मडमेशी लगीन केलं त्यानं. लाल गाडी काय हाणती बाई! विमानतळावर मला तिनंच सोडलं.” मी म्हटलं, “ओळखते की,” आणि त्यांना आणखी अर्धा कप दिला.

म्हणजे तुम्ही कंपनीला खोटं सांगितलंच नव्हतं. बायको गाडी चालवते, हे खरंच होतं. खोटं फक्त बेलापूरला लिहिलं होतं. तुमच्यासाठी क्षमा मागणं मी आजपासून थांबवलं आहे, ती तुमची तुम्ही मागा. आईंना मी काही सांगितलेलं नाही. माझ्या लेकाला आणि सुनेला एकत्र आण, असं त्या अजून रोज रात्री प्रार्थनेत म्हणतात. तेवढ्यासाठीच हे पत्र. जे केलंत ते आता आईंच्या नावाने लिहून पाठवा. त्यांना वाचता येत नाही. वाचून मीच दाखवणार आहे, एक शब्द न गाळता.

आईंजवळ राहिलेली,
मरियम