चेंडू अचानक वळत नाही, बाबा

प्रिय बाबा,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आज सापडले. ऐकायला घरात तुम्ही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

नोएडाच्या नव्या घरात केबल आली आणि सकाळच्या चहाबरोबर तुम्ही अमेरिकेतला बेसबॉल पाहू लागलात. "यांची विटी हरवली, नुसता दांडू उरला!" असे म्हणून स्वतःच हसायचात. मग एकदम गंभीर. "सुजाता, हा बॅटवाला डोळे फाडून बघतोय, तरी चुकतो कसा? चेंडू बॅटजवळ येऊन अचानक वळतो!"

"फिरणारा चेंडू हवा एका बाजूला ढकलतो, बाबा. म्हणून स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो."

"ते वळण्याचं झालं. अचानक का?"

"वाचून सांगते," मी म्हणाले. तुम्ही थांबला मात्र नाहीत!

उत्तर असे आहे: तो अचानक वळतच नाही. हातातून सुटल्यापासून सतत वळत असतो. जवळ आल्यावर नजरेला त्याच्यामागे धावणे जमत नाही. तो नजरेच्या मध्यातून निसटून कडेला जातो. कडेच्या नजरेला त्याचे फिरणे आणि सरकणे वेगळे ओळखता येत नाही. म्हणून झटका बसल्यासारखा भास होतो.

ग्रंथालयात एवढे वाचले आणि पुढचे पान उलटवेना.

लिफ्ट नसलेला आपला तिसरा मजला. भाजीची पिशवी घेऊन तुम्ही आधी एका वळणावर थांबायचात, पुढे प्रत्येक वळणावर. "बघ, इथून किती मोकळं दिसतं!" काय दिसायचे हो? अर्धवट इमारती आणि सिमेंटची पोती! मी दारात पुस्तक घेऊन उभी. तुम्ही माझ्या नजरेच्या कडेला. एकदा तरी "दम लागतो" का म्हणाला नाहीत?

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदयाचे दुखणे जुने होते.

आईला ते ठाऊक नाही. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या आपल्या जुन्या शेजारणी येतात, तेव्हा ती प्रत्येकीला सांगते, "अचानक हो गया, भाभीजी. सुबह चाय पी, हँसे भी." त्या एका शब्दाला धरून ती उभी आहे. माझ्याजवळ तोही उरला नाही.

बाबा, तुम्हाला वचन देते. हे उत्तर आईपर्यंत जाणार नाही. तिने कधी विचारलेच, तर चेंडू अचानकच वळतो, असे सांगेन.

तुमची,
सुजाता