कोकरांच्या कानांवरची खूण

बर्लिंग्टन परगणा, न्यू जर्सी
दुसऱ्या महिन्याची तेरा तारीख, १७८९

प्रिय केझाया,

तुझं पत्र पोचलं. धाकट्याचा खोकला गेल्याचं वाचून हायसं वाटलं. इकडे सगळं ठीक. ओढा अजून गोठलेला आहे, पण खारवलेलं मांस वसंतापर्यंत पुरेल आणि मेंढ्या धडधाकट आहेत.

नव्या सरकारच्या बातम्या तुम्हा फिलाडेल्फियाकरांना आमच्या आधीच कळत असतील. आमच्याकडे परवापासून मतदान सुरू झालंय. चौरस्त्यावरच्या खाणावळीत पेटी ठेवलीय. नव्या काँग्रेससाठी चार नावं चिठ्ठीवर लिहून आत टाकायची. पेटीपाशी तिघेजण बसतात, त्यांतला एक एनोख.

हो, तोच. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी आपल्या पंथाच्या बैठकीत उभं राहून लग्नाचा विचार सांगितला. रिवाजाप्रमाणे दुसऱ्यांदा सांगायचं बाकी आहे. ते झालं की लग्न. सायलस जाऊन तीन वर्षं होत आली, आता कुणी नावं ठेवणार नाही.

मी फक्त एक अट घातलीय. आपल्या राज्याच्या कायद्यात मतदाराला ‘रहिवासी’ एवढंच म्हटलंय. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झालं, विधवासुद्धा चालते. नवरा असलेली बाई तेवढी चालत नाही, कारण तिच्या नावावर काही उरतच नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, “एनोख, आयुष्यात एकदा मत देऊ दे. मग मी तुझी.”

“एकदाच ना? दे की,” तो हसत म्हणाला. “मी पेटीपाशीच आहे, कुठे पळून जातोय?”

ओढ्यावरचं बर्फ धड पक्कं नाही, धड वितळलेलं नाही. घोडी घालायचं धाडस होत नाही. पुढच्या आठवड्यात जाईन म्हणते.

तुझी,
डॉर्कस


तिसऱ्या महिन्याची वीस तारीख

प्रिय केझाया,

तुझा टोमणा मिळाला. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ काय! बर्फ केव्हाच वितळलंय हे तुला तिकडे बसून कसं कळलं कोण जाणे. पण मग घोडीच्या खुरात खडा गेला, आणि ती बरी होतेय तोवर मेंढ्या व्यायल्या.

शिवाय घाई कसली? पूर्वेकडच्या परगण्यांनी पेट्या बंदही केल्या. आमचे पुढारी बंद करायचं नाव काढत नाहीत. तिकडच्या मतांची बेरीज कळली की आपली तिच्याहून वर न्यायची, इतकं सरळ राजकारण आहे. एनोखला ते मुळीच पसंत नाही. “सरकार नवं कोरं आणि सुरुवात ही अशी!” म्हणून परवा तो चिडला होता. पण तिघांत दोघे एका बाजूला, त्याचं काही चालत नाही.

काल शेजारची पेशन्स लोकर मागायला आली. गोठ्यात डोकावली आणि सुरूच झाली.

“अगं बाई, कोकरं एवढाली झाली तरी कानांवर खूण नाही? चरायला सोडलीस की कुणाचं कोणतं, कसं ओळखायचं?”

“करते सवडीनं.”

“सवड कसली! लग्नानंतर एनोखची खूण करायची म्हणून थांबलीयस, सांग की सरळ. लाजतेस काय या वयात?”

मी हसले आणि तिला लोकर दिली.

सायलसच्या मेंढ्यांच्या कानांना दोन खाचा असत. तो गेल्यावर मी परगण्याच्या कारकुनाकडे जाऊन माझी खूण नोंदवली. डाव्या कानाला एक गोल भोक. “कुणाच्या नावावर?” असं त्याने मला दोनदा विचारलं होतं.

एनोख भला माणूस आहे. परवा येऊन त्याने न सांगता गोठ्याचं छप्पर शाकारून दिलं. जेवताना म्हणाला, “आपल्या मेंढ्यांना माझं ओढ्यापलीकडचं कुरण बरं पडेल.” खरंच बरं पडेल.

या महिन्याच्या बैठकीच्या दिवशी मला सर्दी झाली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा उभं राहणं राहून गेलं.

डॉर्कस


चौथ्या महिन्याची अठ्ठावीस तारीख

प्रिय केझाया,

‘ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस,’ असं तू लिहिलंस. बरं बाई, नाही लपवत.

मी खाणावळीपर्यंत बऱ्याचदा गेले होते. चिठ्ठी लिहून खिशात असायची. दारात घोडी बांधायची, आत डोकावायचं, आणि शेजारच्या दुकानातून मीठ घेऊन परत यायचं. एवढं मीठ साठलंय की पुढच्या वर्षाची डुकरंही खारवून होतील. मत दिलं की लग्न, हे माझंच बोलणं. मग मत दिलंच नाही की झालं! पोरकट हिशेब आहे, मला कळतंय.

एनोख नको होता असं नाही. संध्याकाळी वळणावर त्याची गाडी दिसली की मला बरं वाटतं, अगदी खूप बरं वाटतं. पण आईचा चरखा तुझ्या नवऱ्याने तुला न विचारता विकला, तेव्हा तू लिहिलं होतंस, ‘तो वाईट नाही गं, चरखा त्याचाच होता ना आता.’ ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

काल पेटी बंद होणार असं कळलं आणि मी गेले. एनोख झाकणावर हात ठेवून बसला होता. दुसरे दोघे पाइप ओढत होते, त्यांतला जाड्या ओरडला, “आली एकदाची नवरी! एनोख, अडीच महिने ही पेटी हिच्यासाठीच उघडी होती म्हणायची!”

मालमत्ता स्वतःची आहे का, असं त्यांनी विचारलं. शपथ आपल्या पंथात कुणी घेत नाही, तेव्हा नुसतं म्हटलं, “आहे. माझी स्वतःची आहे.” आवाज जरा मोठाच लागला. चिठ्ठी आत टाकली. चारांपैकी दोन नावांचे लोक कोण, हेही मला धड माहीत नाही.

एनोख माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “डॉर्कस, कोकरांना खूण केलीस?”

“नाही.”

“मग आज घरी जाऊन करून टाक.”

“कुठली?”

“कुठली म्हणजे? तुझी. आणि पुढच्या मतदानालाही ये.”

बाकीच्यांना ते मेंढरांचं बोलणं वाटलं. एनोख पेटीला दोरी बांधायला लागला, पण गाठ काही त्याला जमेना.

वाटभर मी रडले, केझाया. त्या घडीला तो नुसतं ‘चल’ म्हणाला असता तर मी त्याच्या गाडीत जाऊन बसले असते. त्याला ते दिसत होतं, आणि तरी तो म्हणाला नाही. लग्न होणार नाही, हे बैठकीला तोच कळवणार आहे. पेशन्सचं तोंड बंद व्हायला उन्हाळा जाईल.

आज सकाळी कोकरांच्या कानांना भोकं पाडली. थोडं रक्त येतं. ती ओरडतात, मग आईला लुचायला लागली की विसरतात.

कुरण मात्र ओढ्यापलीकडचंच बरं. एनोख ते भाड्याने देतो का, हे विचारायला उद्या जाणार आहे. घोडी ठीक आहे, ओढाही उतरलाय.

तुझी बहीण,
अजून न्यू जर्सीची रहिवासी,
डॉर्कस