भिंतीतून बाहेर न येणाऱ्या दाराचा खुलासा

प्रति,
मा. निवासस्थान व्यवस्था अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय, तळमजला.

विषय : न्हाणीघराचे सरकते दार गहाळ झाल्याबाबत अर्जदाराकडून मागवलेला खुलासा.

संदर्भ : (१) दार अडकल्याबाबत अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज.
(२) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात दार कोठे गेले अशी विचारणा आहे.
(३) फलक शाखेचे उत्तर, ज्यात दाराशी शाखेचा संबंध नाही असे कळवले आहे.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याच कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत कनिष्ठ लिपिक असून वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या निवासस्थानात सासऱ्यांसह राहते. पती दूरच्या बांधकामावर नोकरीस आहेत, ते फोनवर भेटतात. संदर्भ क्र. २ चे पत्र अर्जदाराच्याच टेबलावरून गेले. त्यावर जावकचा शिक्का अर्जदारानेच मारला, लिफाफ्यावर स्वतःचे नाव अर्जदारानेच लिहिले आणि संध्याकाळी घरी जाऊन ते पोचल्याची सहीही अर्जदारानेच केली. कर्तव्यात कसूर झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

२. न्हाणीघर व शौचालय एकत्रच असून सदर दार बिजागरीचे नाही. वरच्या रुळावर ते दोन चाकांनी लोंबते आणि उघडले की शेजारच्या भिंतीच्या पोकळीत शिरते. सासरे वॉकर धरून चालतात. वॉकर घेऊन आत वळताना आड येणारे दार नको, म्हणून अर्जदाराने हेच निवासस्थान मागून घेतले होते. दाराची निगा अर्जदार स्वतः राखत असे. रुळातली धूळ जुन्या टूथब्रशने काढायची, रुळाला मेणबत्ती घासायची, आणि दार फरशीला घासू लागले की चाकावरचा नट पान्याने आवळून ते किंचित वर उचलून घ्यायचे. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटून त्याचा चिखल होतो, हे अर्जदार एकदा तेल घालूनच शिकली. सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणतात. नानांचे आयुष्य शिंपीकामात गेले. ते दार सरकवून म्हणायचे, "नव्या कात्रीसारखं चालतंय बघ."

३. एके दिवशी ते चालेनासे झाले. त्याच दिवशी सकाळी फलक शाखेचा कर्मचारी बाहेरच्या खोलीत नियमांचा फलक लावून गेला होता, अर्जदाराने त्यास चहाही दिला होता. संध्याकाळी नाना न्हाणीघरात गेले आणि दार ओढू लागले, तर ते भिंतीतून बाहेरच येईना. अर्जदाराने रूळ झाडला, मेण घासले, नट सैल केला, पुन्हा आवळला. फरशीवरची खाच, जिच्यात दाराची खालची कड चालते, ती सुईने कोरून काढली. भिंत ओलीने फुगली असेल म्हणून तळहात फिरवून पाहिला, ती कोरडी ठणठणीत होती. सुतार आला, त्याने दार दोनदा हिसडले आणि म्हणाला, "भिंत फोडायला लागेल बाई, दुसरा इलाज नाही." भिंत आपल्या कार्यालयाची असल्याने अर्जदाराने त्यास परत पाठवले आणि पहिला अर्ज केला.

४. दार नसलेल्या न्हाणीघराला पडदा लावावा, असे पतींनी फोनवरून सुचवले. अर्जदाराने चांगला जाड पडदा लावला. नानांनी तो बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "कापड उत्तम आहे. पण सूनबाई, माझ्या दुकानात गिऱ्हाईक कपडे बदलायचं तिथे जन्मभर पडदाच होता. पडद्याआडचं काय काय ऐकू येतं ते मला विचार." एवढे बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवसापासून नानांनी पाणी पिणे सोडले.

५. महोदय, ही बाब कागदावर आणताना अर्जदारास संकोच वाटतो, परंतु सासरे आणि सून यांच्यामधला संकोच याहून मोठा आहे आणि या खुलाशाचे मूळ तोच आहे. पाणी पुढे केले की नाना म्हणत, "तहानच नाही गं." अर्जदार कार्यालयात निघाली, की जिन्यात पाऊल पडताच आत वॉकर सरकल्याचा आवाज येई. म्हणजे हा माणूस आदल्या संध्याकाळपासून कळ काढून बसलेला असे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अर्जदार घरी आली की न्हाणीघराकडे नानांची पाठ, अर्जदाराचीही पाठ, आणि दोघेही त्या भिंतीतल्या दाराविषयी चकार शब्द काढत नसत.

६. रविवारी पंचाईत होई. कार्यालय बंद, म्हणून अर्जदार घरी, म्हणून नाना खुर्चीत. तेव्हा अर्जदार काडेपेटी संपल्याचे सांगून बाहेर पडू लागली. खाली जायचे, वसाहतीला फेरी मारायची, दुकानदाराकडून काडेपेटी घ्यायची, पुन्हा एक फेरी मारायची आणि वर येताना जिन्यात मुद्दाम चपला वाजवायच्या. जेवणानंतर पुन्हा तेच. पहारेकरी विचारी, "ताई, परत काडेपेटी?" दुकानदार तर अर्जदाराकडे निरखून पाहू लागला. स्वयंपाकघराचा एक खण आता काडेपेट्यांनी भरलेला असून अर्जदाराच्या घरी शेगडी बटणाने पेटते.

७. आपले निरीक्षक दोन अर्जांनंतर आले. दार भिंतीच्या पोटात असल्याने त्यांना ते दिसले नाही. अर्जदाराने बोट घालून दाराची कड दाखवली. ते म्हणाले, "ही लाकडाची पट्टी आहे. दार कुठंय?" अडकले आहे, असे सांगितल्यावर म्हणाले, "मग बाहेर काढून दाखवा. म्हणजे अडकलंय का ते बघता येईल." त्यांनी शेरा दिला : दार आढळून आले नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. त्या शेऱ्यावरून संदर्भ क्र. २ निघाले आणि कार्यालयाचे दार कोठे नेले याचा खुलासा अर्जदारास मागण्यात आला. हात दाखवून अवलक्षण! दुरुस्ती मागायला गेलेली बाई दारचोर ठरली. नानांना हे कळल्यावर ते मात्र बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "नेलंस तरी कशात घालून नेलंस म्हणावं?"

८. पत्र आल्यापासून अर्जदाराचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. टपालावर शिक्का मारता मारता उठावे, खिडकीशी जावे, परत बसावे, असे चालले. घरी आली की पर्स न ठेवताच दाराशी. अशाच एका संध्याकाळी दार आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तिने टॉर्च धरली. चाके जागेवर होती, रूळ स्वच्छ होता. आणि खांद्याच्या उंचीवर काहीतरी चमकत होते, भिंतीतून निघून थेट दारात घुसलेले. अर्जदार बाहेरच्या खोलीत आली. त्याच भिंतीच्या या बाजूला, त्याच उंचीवर, त्याच जागी, आपल्या फलकाचा खालचा डावा स्क्रू होता. तेव्हा तिला कर्मचाऱ्याचे बोलणे आठवले. तीन स्क्रू लावून झाल्यावर तो पिशवी चाचपत म्हणाला होता, "एक कमी पडतोय. हा जरा लांब आहे, पण चालतंय." त्या वेळी दार उघडे, म्हणजे भिंतीच्या आत होते. स्क्रूने त्याला तिथेच खिळवले. फलकावरील मजकूर आपल्या माहितीसाठी उतरवून देते : "भिंतीत खिळा किंवा स्क्रू ठोकण्यास सक्त मनाई आहे. फलकास हात लावल्यास निवासस्थान रिक्त करून घेण्यात येईल."

९. अर्जदाराने फलक शाखेकडे एक स्क्रू काढण्याची परवानगी मागितली. उत्तर संदर्भ क्र. ३ येथे आहे. फलक सुस्थितीत असून तो पक्का बसवला आहे, असे समाधानही त्यात व्यक्त केले आहे.

१०. गेल्या शनिवारी नाना खुर्चीतून उठताना भोवळ येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी तपासून अर्जदारालाच फैलावर घेतले. "म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का घरात? असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील." अर्जदाराने मान खाली घातली. घरी परतताना रिक्षात नाना एवढेच म्हणाले, "तुला उगाच बोलणी बसली." महोदय, अर्जदारास त्या वेळी जी चीड आली ती आपल्यावर, फलक शाखेवर, निरीक्षकांवर आणि स्वतःवर सारखीच आली. नियमाला भिऊन ती एका स्क्रूसमोर हात जोडून उभी होती, आणि घरातला माणूस तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

११. काल रविवार होता. अर्जदार काडेपेटी आणायला गेली नाही. तिने विचारले, "नाना, तुमच्या मशीनचा मोठा स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?" ते म्हणाले, "डब्यात, बटणांखाली." मग ती फलकाकडे निघालेली पाहून ते खुर्चीत पुढे सरकले. "अगं, तो फलक ऑफिसचा आहे. घर खाली करायला लावतील." अर्जदार म्हणाली, "लावू देत. दार नसलेलं घर घेऊन करायचंय काय?" स्क्रू घट्ट होता. तळहाताला फोड आला, पण तो निघाला. अर्जदाराने दाराची कड धरून ओढली आणि दार भिंतीतून बाहेर आले, काही न झाल्यासारखे, एका बोटाने. दाराला पडलेले छिद्र आरपार नाही. तरीही ते मेणाने बुजवले आणि नानांनी त्यावर अंगठा फिरवून खात्री करून घेतली.

१२. मग ते आत गेले. दार सरकले. कडी लागल्याचा आवाज झाला. अर्जदार जागच्या जागी खाली बसली. किती दिवसांनी ती रविवारी स्वतःच्या घरात बसली होती! बऱ्याच वेळाने नाना बाहेर आले, खुर्चीशी गेले आणि म्हणाले, "सूनबाई, पाणी दे. मोठा पेला भरून दे." त्यांनी तो संपवला आणि पुन्हा पुढे केला. अर्जदारास रडू आले. ही बाब कार्यालयीन नाही, परंतु खुलाशात काहीही लपवू नये असे आपल्या पत्रात म्हटले आहे.

१३. सबब, दार गहाळ नाही. ते आपल्याच कार्यालयाने आपल्याच भिंतीत आपल्याच स्क्रूने ठोकून ठेवले होते. फलक तीन स्क्रूंवर लटकत असून किंचित तिरका झाला आहे, पण वाचता येतो. अर्जदाराने फलकास हात लावला आहे, हे ती मान्य करते. त्यासाठी क्षमा मागत नाही. निवासस्थान काढून घ्यायचे असल्यास तसे पत्र काढावे, जावकचा शिक्का अर्जदार मारून देईल.

१४. खात्री करून घेण्यासाठी निरीक्षकांना जरूर पाठवावे. मात्र त्यांना एक सूचना द्यावी. न्हाणीघराचे दार बंद दिसले तर ते अडकले आहे असे समजू नये. आत माणूस आहे. बाहेर थांबावे.

आपली,
आज काडेपेटीची गरज नसलेली,

(सही)
कनिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा

दिनांक : सोमवार, कार्यालय उघडताच

सोबत : (१) लांब स्क्रू, एक नग. कार्यालयाची मालमत्ता असल्याने परत करीत आहे.
(२) काडेपेट्या, एक पिशवी. वसाहतीच्या पहारेकऱ्यासाठी.