दार बंद झाल्यापासूनचा पगार

३ तारीख, सकाळी
संताप! आमच्या एअरलाइनने स्वस्त तिकिटांची दुसरी कंपनी काढली. विमान तेच, रंग नवा. चौदा तासांची फ्लाइट, आणि क्रूची झोपायची जागा काढून तिथे सहा खुर्च्या! शिवाय एजन्सीकडून मुली, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. बावीस वर्षं केबिन सांभाळतोय मी. हे चालू देणार नाही. बायको म्हणाली, आधी गळका नळ बघा.

५ तारीख
युनियनची मीटिंग. हजर सात. मी पाऊण तास बोललो. सेक्रेटरी म्हणाले, चहा गार होतोय. ठराव माझाच: संप नाही, ‘नियमानुसार काम’. नियम पाळणाऱ्याला कोण अडवणार?

९ तारीख, हॉटेल
विजय! अर्धा क्रू आमचा, अर्ध्या एजन्सीच्या मुली. नियमाप्रमाणे प्रत्येक खुर्चीखालचं लाइफ जॅकेट स्वतः वाकून तपासलं. तीनशे दहा. विमानाचं दार पन्नास मिनिटं उशिरा बंद. नाक दाबलंय, आता कंपनीचं तोंड उघडेल. कंबर धरली आहे.

१० तारीख
नाश्त्याला मुली माझ्याशी बोलेनात. शेवटी त्यांच्यातली उंच म्हणाली, काका, आमचा पगार दार बंद झाल्यावर सुरू होतो. तुम्ही खुर्च्यांखाली होतात, तेवढा वेळ आम्ही फुकट राबलो.
समजावलं, लढ्यात झळ सोसावी लागते. तिने विचारलं, तुमचा पगार कधी सुरू होतो? हजेरी लावली की. पण मुद्दा तो नाही. आणि काका कशाला?

१३ तारीख
सेक्रेटरी म्हणतात, मुलींना सभासद करून घेऊ. कडाडून विरोध केला. त्या स्वस्तात राबतात, म्हणून तर आपल्या पोटावर पाय! ठराव हाणून पाडला. शत्रू ओळखता आला पाहिजे.

१८ तारीख
मुलींनी संप केला. मला न विचारता! मागणी: हजेरीपासून पगार. मार्गदर्शन करायला टर्मिनलवर गेलो. उंच म्हणाली, काका, भाषण नको, आमच्यात बसा. फरशी फार गार होती.

त्याच दिवशी, दुपारी
मॅनेजरांचा फोन. उद्या मुलींच्या जागी तुम्ही जा. साफ नाही म्हणणार होतो. तेवढ्यात म्हणाले, तुमच्याइतका अनुभवी माणूस आहे कुठे? खरं बोलणाऱ्याला कसं तोडायचं?

१९ तारीख, विमानात
संपावरच्या मुलींसमोरूनच आत आलो. पाठिंबा म्हणून मूठ वर केली. हातात बॅग होती, अर्धीच गेली. एकीने शिवी हासडली. उंच तिला म्हणाली, जाऊ दे गं, त्यांना खरंच कळत नाही.
लढा आत शिरून लढायचा असतो. विमान चार मिनिटं आधी सुटलं. मॅनेजरांनी अभिनंदन कळवलंय.