अनामिकेवरचा वळ

मी, नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातला निवृत्त क्लॅरिनेटवादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. "बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," असे माझे चिरंजीव फोनवर सांगतात. भिंती पातळ आहेत आणि माझे कान शाबूत आहेत, याचीही नोंद व्हावी.

१. राहते घर मुलाला. कपाटाच्या चाव्या मात्र वकिलांकडे राहतील. का, ते त्याला ठाऊक आहे.

२. स्वरलिपीचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड माझ्या शिष्याला. स्टँडचा एक पाय लंगडा आहे. माझी बोटे बघून बघून हा शिकला आणि "मी आपला आपणच शिकलो" सांगत गावभर फिरतो. याच्यामुळेच मी पुढे भिंतीकडे तोंड करून सराव करू लागलो. घे म्हणावं आता!

३. क्लॅरिनेट. माझे सांधे आखडल्यापासून पेटी पलंगाखाली असते. गेल्या हिवाळ्यात तिच्यावरच्या फडक्याची घडी बदललेली दिसली. म्हणजे दुपारी माझा डोळा लागला की कोणीतरी वाजवत होते. क्लॅरिनेटची छिद्रे दाबली की बोटांच्या पेरांवर गोल वळ उठतात आणि काही वेळ राहतात. मुलाचे हात तपासले, कोरे. शिष्य परगावी गेला, तरी घडी बदललीच.

मग एका दुपारी सुनेने चहा पुढे केला आणि तिच्या बोटांवर वळ! उजव्या अनामिकेवर मात्र अर्धाच. तिथले छिद्र मोठे असते. बोट टोकावर उभे धरले की हवा निसटते, खालचा सूर चिरकतो. हिला शिष्याने पाठवले की नवऱ्याने, विकायच्या आधी वाजवून बघायला?

त्यानंतर रोज झोपेचे सोंग घेतले. शेजारच्या खोलीत सूर चिरकला की ती "अगं बाई गं!" म्हणे आणि पुन्हा फुंके. विकणारी माणसे असा जीव काढत नाहीत.

शेवटी मी तिच्यावर खेकसलो, "कप टोकांनी काय धरतेस? बोट आडवं ठेव, पेर टेकव. निसटेल!"

तिने बोटाकडे पाहिले. "बरं, बाबा."

आता वळ पाऊण झाला आहे.

तरी क्लॅरिनेट सुनेला. रीडची, म्हणजे जिच्याशिवाय सूर निघत नाही त्या वेताच्या पातीची, डबी कुठे लपवली, ते लिहीत नाही. तिने ती केव्हाच शोधली आहे. "नुसतं पडून काय करायचंय?" असे म्हणत मुलाने विक्रीचा विषय काढल्यास कपाटाच्या चाव्याही तिलाच द्याव्यात.

साक्षीदार: औषधदुकानदार, वरच्या मजल्यावरचा शिंपी. दोघांची बोटे आधी तपासली आहेत.

ठिकाण: माझी खोली, सुनेने पेटी नेल्यावर आतून कडी लावून. दिनांक: आजचा, दुपार.

सही वाकडी आली आहे. साक्षीदारांनी तिला म्हातारपण समजू नये. शेजारच्या खोलीत आत्ता खालचा सूर न चिरकता लागला.