लेकराला लावलेलं लगेज

अब्बा,

आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा डावा कान आठवला की माझं डोकं अजून फिरतं. तुम्ही वडगावच्या एसटीवर कंडक्टर आणि मी कॉलेजला तुमच्याच गाडीनं जायचे, तेव्हाची गोष्ट. कुपनांचं पुस्तक घेणाऱ्याला जुनंच भाडं आणि रोख पैसे देणाऱ्याला पाच पैसे जादा, असा हुकूम निघाला. कुणाच्या टाळक्यातून निघाला कुणास ठाऊक! कुपनं मिळायची फक्त कोल्हापूरच्या स्टँडवर, तीही ऑफिस उघडल्यावर. पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायांनी ती आणायची कुठून? त्यात नवी तिकिटं छापून आली नव्हती, म्हणून जादा पाच पैशांसाठी लगेजचं पिवळं तिकीट फाडायचं. म्हणजे ज्याच्याकडे साधी पिशवी नाही, त्याच्याही हातात लगेजचं तिकीट! तुम्ही घसा बसेपर्यंत सांगत सुटायचा, "मावशी, ह्ये वज्ज्याचं न्हाय, रोखीचं हाय." त्यावर मावशी म्हणायच्या, "मग आमी कवा उधारीवर बसलो रं बाबा?" सगळी गाडी हसायची आणि मी पास पर्समध्ये घालून खिडकीशी खुशाल बसायचे.

त्या सकाळी माझ्या पुढच्या सीटवर एक बाई होती. मांडीवर तान्हं पोर, दुसरं काही नाही. तुम्ही पांढरं तिकीट दिलंत, मग पिवळं. तिला वाचता येत नव्हतं, पण लगेजचं पिवळं तिकीट कोण ओळखत नाही? तिनं तिकिटाकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पदर पोरावर ओढला आणि तिकीट पदराच्या गाठीत बांधलं. स्टँडवर तिचा नवरा उभा. गुऱ्हाळावरचा गडी, मनगटं माझ्या पोटरीएवढी. ती त्याला काहीतरी सांगते, बोट तुमच्याकडे करते, आणि तो पायरी चढून आत येतो. "माझ्या लेकराला लगेज लावतोस व्हय रं, सुक्काळीच्या? पोटचं पोर म्हंजी वजं हाय व्हय?" तुम्ही तोंड उघडलंत तेवढ्यात त्यानं कानाखाली अशी वाजवली, की तुमचं डोकं दांडीवर आपटलं. तिकिटांची पेटी उडाली, चिल्लर सीटखाली पळाली. तुम्ही वाकलात, तर पोटात लाथ. मग गळपट्टी धरून परत दांडीवर. कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत आली, आणि मागून लोक ओरडतायत, "हाणा! पैसं खातोय त्यो!" ज्यांच्या पाट्या तुम्ही स्वतः टपावर चढवून द्यायचा, तेच लोक.

माझ्या हातात पितळेचा डबा होता. अम्मीनं भरून दिलेला, जड. मी तो त्याच्या टाळक्यात घातला. तो वळला, तेव्हा कपाळावर घातला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तो सीटवर कोसळला, तरी मी डबा परत उचलला. बाई किंचाळत होती, पोर रडत होतं आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. आणखी एक बसला असता तर मेलाच असता. तेव्हा मागून माझं मनगट कुणी धरलं? तुम्ही!

तुमच्या स्वतःच्या कानातून रक्त वाहत होतं, आणि तुम्ही डोक्यावरची टोपी काढून त्याच्या कपाळावर दाबून धरलीत. मला म्हणालात, "माफी माग. पॅशिंजर हाय त्यो."

"अब्बा, त्यानं तुम्हाला..."

"माग म्हंतोय न्हवं!"

सगळ्या गाडीसमोर मी "चुकलं माझं" म्हणाले. मग तुम्ही त्याला पिवळ्या तिकिटाची सगळी कथा समजावून सांगितलीत. त्यानं ऐकून घेतलं आणि काय म्हणाला? "मग आदी सांगायचं की, पावणं!" आधी सांगायचं! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढे तो जादा भाड्याचा हुकूम गुपचूप मागं घेतला. तुमच्या डाव्या कानाला मात्र परत कधी ऐकू आलं नाही. घरात आम्ही सगळे तुमच्या उजव्या बाजूला जेवायला बसू लागलो. अम्मी डावीकडून हाका मारून थकायची, मग रडायची. आणि तो गडी रस्त्यात दिसला की तुम्ही त्याच्यासाठी घंटी मारून गाडी थांबवायचा, "काय, बरं हाय न्हवं?" म्हणून विचारायचा. मी खिडकीबाहेर तोंड करून बसायचे. तुमचं मन मोठं असेल, अब्बा. माझं नाही.

तो डबा अजून आहे. खालच्या पुडाला पोचा पडलाय. भांडीवाला दरवेळी विचारतो, "काढून देऊ का बाई?" मी नको म्हणते. हा कागद घडी करून त्यातच ठेवेन, दुसरीकडे कुठे टाकणार? मी "चुकलं" म्हणाले ते खोटं होतं. हात धरला नसतात तर मी परत हाणलं असतं. हे तुम्हाला एकदा सांगितलंही होतं, तुम्ही शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होता तेव्हा. मुद्दाम तुमच्या डाव्या बाजूला बसून.